जोड्या लावा

सोमवारी तिसऱ्या तासाला मी डोक्यापासून खालपर्यंत मधोमध उसवले. दुखलं नाही. वेणीची रिबीन सुटावी तसं झालं, आणि माझे दोन अर्धे भाग बाकावर एकमेकांना टेकून बसले.

गाडेकर बाई पेशी विभाजन शिकवत होत्या. एका पेशीच्या दोन होण्याआधी आतली डीएनएची शिडी मधोमध उसवते आणि प्रत्येक अर्धी बाजू आपली हरवलेली बाजू भरून काढते, एवढंच सांगून झालं होतं, तेही पुस्तकात बघून. त्या मागे वळल्या.

"सुरवसे, तुला सगळ्यात पुढे पुढे करायचं असतं," त्या म्हणाल्या. "बरं. मुलींनो, घ्या उतरवून. तास संपायच्या आत दोन्ही पूर्ण पाहिजेत."

उतरवून घेणं हा आमच्या दहावी ब चा एकमेव गुण. वर्गातली सगळी जर्नलं माझ्या जर्नलवरून होतात. दिवाळीआधी मी मुद्दाम माणसाच्या पेशीत सत्तेचाळीस गुणसूत्रं लिहून जर्नल फिरवलं आणि परत आल्यावर माझ्यात गुपचूप शेहेचाळीस करून टाकलं. अडतीस मुलींनी सत्तेचाळीस लिहिलं. बाईंनी अडतीसही जर्नलांवर सही ठोकली. त्यानंतर या लोकांविषयी मला काही वाटायचंच बंद झालं.

मी डाव्या अर्ध्यात होते. काळीज तिकडेच असतं, त्यामुळे दुसरीकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. उजवी तिच्या एका डोळ्याने फळ्याकडे बघत बसली होती, हाताची घडी घालायला दुसरा हात शोधत. आदर्श विद्यार्थिनी. मला तिची कीवसुद्धा आली नाही.

मुलींनी दोन गट केले. हाडांना खडू, कातडीला वह्यांची खाकी कव्हरं, रक्ताला लाल शाई. परीक्षेत लावतात तशा जोड्या लावत गेल्या. डोळ्यासमोर डोळा, बरगडीसमोर बरगडी, डुलासमोर डूल. का लावायचा हे एकीनेही विचारलं नाही.

माझा नवा उजवा हात करायचं काम मंजिरी उबाळेकडे आलं. मंजिरी माझ्या बाकावर बसते आणि पाचवीपासून माझ्या वह्यांवर पास होते.

"केतकी, हात नीट ठेव ना गं. मला दिसत नाहीये."

"दिसून काय दिवे लावणारेस?" मी अर्ध्या तोंडाने म्हटलं.

"तू ठेव तर. तुझाच हात आहे, चांगला होऊ दे म्हणते मी."

मी डावा हात बाकावर ठेवला आणि करंगळीला लागून पेन धरलं, अगदी बोटासारखं. म्हटलं बघू तरी, मोजते का. मंजिरीने जिभेचं टोक बाहेर काढून पेन्सिल चालवली आणि सहा बोटांचा सुबक उजवा हात माझ्या खांद्याला बसवून दिला. सहाव्या बोटाला टोपण होतं. मला हसू आलं. नव्या ओठांवर ते जरा उशिरा पोचलं.

घंटा व्हायला पाच मिनिटं होती. बाईंनी मला आणि उजवीला टेबलापाशी उभं केलं. घराची किल्ली दोरीने माझ्या गळ्यात असते, ती काढून त्यांनी हजेरीपटावर ठेवली.

"तेवीस नंबरला एकच केतकी आहे," त्या म्हणाल्या. "जी बरोबर, तिच्यावर सही. किल्ली घेऊन ती घरी जाईल."

"आणि दुसरी?" मंजिरीने विचारलं.

"दुसरीची दुरुस्ती."

मी निर्धास्त होते. अडतीस जर्नलांत ज्यांना एक आकडा दिसला नाही, त्यांना काय दिसणार?

बाईंनी लाल पेन उघडलं. उजवीला आधी तपासलं. ती पूर्ण वेळ दगडासारखी बसून राहिली होती, त्यामुळे स्वच्छ उतरली होती. तिच्या मनगटावर सही झाली. मग त्यांनी माझा उजवा हात धरला आणि बोटं मोजली. सहा.

"बाई, ते मी मुद्दाम केलं. मंजिरीला कळायला हवं होतं."

"तुला कळलं होतं?"

"हो."

"तरी बसवून घेतलंस."

"सत्तेचाळीसवर तुम्ही सही केली होतीत," मी म्हटलं.

"केली. शेहेचाळीस तुझं एकटीचंच होतं," बाई म्हणाल्या. "ते मी चूक धरलं होतं."

त्यांनी सहाव्या बोटाभोवती लाल गोल काढला. मुलींनी खोडरबर काढले. चूक तेवढीच खोडायची असते, पण यांना कुठे थांबायचं ते कोण सांगणार? बोट गेलं, मग मनगट, दंड, खांदा, अर्धं तोंड. मी पुन्हा अर्धी राहिले आणि भिंतीला टेकले.

उजवीने किल्ली गळ्यात घातली.

"तू फार हलतेस," ती मला म्हणाली. आवाज माझाच होता.

"तू जरा थांब," बाई तिला म्हणाल्या. "नमुना लागेल."

ती माझ्या जागेवर जाऊन बसली. मी डावा हात शेजारच्या बाकावर सपाट ठेवला. पाच बोटं, सुटी सुटी, जराही न हलवता. मंजिरीने पेन्सिलीला टोक केलं, बाक माझ्याजवळ ओढला, आणि मान वळवून तिच्याकडे बघत माझी बाजू भरायला घेतली.