मला पक्कं करू नका

मी इंग्लंडमधलं एक जुनं शेतघर बोलतोय. नॉटिंगहॅमपासून मोटारीने अर्ध्या तासावर, ट्रेंट नदीच्या खोऱ्यात मी उभा आहे. वय चारशेच्या पुढे. नेमकं मलाही ठाऊक नाही, आणि या वयात ते कोणी विचारूही नये.

ओकच्या जाड खांबांचा माझा सांगाडा आहे. खांबांच्या मधे काठ्या विणल्या, त्यावर माती, पेंढा आणि शेण कालवून थापलं, वरून चुन्याचा गिलावा दिला, झाल्या भिंती. पावसात त्या थोड्या ओलावायच्या, वारा सुटला की सुकायच्या. मला बांधणारे शेतकरी गेले, त्यांची नातवंडं-पतवंडं गेली, शेवटी शेतंही विकली गेली. मग सरकारने मला कायद्याने जपायच्या इमारतींमध्ये घातलं. त्यानंतर बरीच वर्षं मी बंदच होतो.

मराठी मी डॉक्टर शशिधर आणि सुप्रभाबाई यांच्याकडून शिकलो. डॉक्टर मूळचे सावंतवाडीकडचे, नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात छातीचे डॉक्टर. मला विकत घ्यायच्या आधी ते दोघं बघायला आले आणि मी 'ग्रेड टू लिस्टेड', म्हणजे जपायच्या यादीतला आहे, असं एजंटने सांगितलं, तेव्हा सुप्रभाबाईंनी हळूच विचारलं, "अहो, ग्रेड टू म्हणजे दुसऱ्या प्रतीचं का?" डॉक्टर हसत मागे वळले आणि त्यांचं कपाळ माझ्या तुळईवर आपटलं. अशी आमची ओळख झाली.

त्यांची मुलगी देविका इथेच वाढली. मराठीतली लिंगं तिला कधी जमली नाहीत. 'आपला घर' म्हणते. मी स्वतः घर असून 'बोलतोय' म्हणतो, तेव्हा तिला मी काय हसणार?

एका हिवाळ्यात स्वयंपाकघरातला गिलावा पडला आणि माझ्या आतल्या काठ्या, माती सगळं उघडं पडलं. सुप्रभाबाई बघतच राहिल्या. "अहो, ही तर कुडाची भिंत. तुमच्या गावच्या घरासारखी!"

त्यांना कौतुक वाटलं होतं. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. जेवायला बसल्यावर ते म्हणाले, "माझी आई पक्क्या घराची वाट बघत गेली. एवढं शिकून, सातासमुद्रापार येऊन मी तुला परत कुडातच आणून ठेवलं होय?"

"मला काही कमी नाही इथे," सुप्रभाबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे.

माझ्यासारख्या घराला हात लावायचा तर आधी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, विचारावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं नाही. आपल्या घराची भिंत दुरुस्त करायला लोकांना काय विचारायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. माणसं आली, आतून-बाहेरून सिमेंट चढलं. डॉक्टरांनी भिंतीवर हात फिरवला आणि खुशीत म्हणाले, "आता झालं पक्कं."

त्या दिवसापासून माझा जीव घुसमटायला लागला. सिमेंटला तडे जायचे, तड्यांतून पाणी आत शिरायचं आणि बाहेर पडायला त्याला वाटच नसायची. तडा दिसला की डॉक्टर स्वतः शिडीवर चढून पुन्हा सिमेंट भरायचे. सुप्रभाबाई म्हणायच्या, "कोंदट वास येतो हो." मग आणखी एक थर बसायचा. त्यांच्या मनात माझ्याविषयी मायाच होती, म्हणून तर मला राग धरता येईना. तोंड असतं तर हात जोडून थांबवलं असतं.

गेल्या वर्षी वरच्या खोलीची जमीन कलली. देविका लंडनमधल्या हाउन्सलोहून, तिच्या घरून आली आणि तिने कौन्सिलच्या बाईंना बोलावलं. बाईंनी सिमेंटचा एक तुकडा काढून कोपऱ्याच्या खांबात स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. "अशा भिंतींना श्वास लागतो," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "सिमेंटने तो कोंडला."

डॉक्टर उठले. डाव्या हाताचं मधलं बोट त्यांनी भिंतीवर सपाट ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकलं. आयुष्यभर माणसांच्या छात्या अशाच वाजवून पाहिल्या होत्या. खालपर्यंत ठोकत गेले. सगळीकडे बद्द आवाज.

"पाणी भरलंय," ते म्हणाले. "सुप्रभा, एवढी वर्षं मी इथे राहतोय."

"तुम्ही पेशंट तपासत होतात हो. घराला कोण तपासतं?"

डॉक्टरांनी भिंतीवरचा हात बराच वेळ काढला नाही.

मी धोक्याचा झालो होतो. त्यांना निघावं लागणार होतं. "फक्त रिपेअर होईपर्यंत, बाबा," देविका म्हणाली. "मग घर परत तुमचाच आहे." डॉक्टरांना माझ्याकडे परत यायचं होतं, एवढीच एक गोष्ट ते सगळ्यांना सांगत राहिले. देविकाकडे राहायला जाताना त्यांनी काम करणाऱ्यांना बजावलं, "सगळं काढा. एक तुकडा ठेवू नका."

सगळं सिमेंट निघालं. कोपऱ्यात नवा ओक बसला. माती, पेंढा, शेण पुन्हा कालवलं गेलं. पण ओल वर्षानुवर्षांची, ती चार दिवसांत थोडीच जाणार? अर्धा हिवाळा सरला तरी मी ओलाच होतो. आणि त्याच हिवाळ्यात हाउन्सलोला डॉक्टरांना न्यूमोनिया झाला.

आता माझ्या फाटकावर विक्रीची पाटी आहे. सुप्रभाबाईंना माझा अरुंद जिना एकटीने चढवत नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी मला घेतलंत, तर एकच सांगणं आहे. माझ्यावर जीव लावा, पण मला मजबूत करायच्या आधी मला काय सोसतं ते कोणाला तरी विचारा. मायेने जेवढं दुखवलं, तेवढं मला माणसाच्या रागाने कधी दुखवलं नाही.

काल सुप्रभाबाई एजंटला चावी द्यायला आल्या होत्या. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि घरातल्या माणसाला सांगावं तसं मला म्हणाल्या, "हे गेले रे. शेवटपर्यंत विचारत होते, भिंत सुकली का. मी हो म्हणत राहिले."

तेव्हा ते खरं नव्हतं. काल त्यांनी हात लावून पाहिला, तर भिंत कोरडी होती.