हद्दीची रेघ

चिंचेचे ओंडके ओल्या वाळूवर गोणपाटाखाली तीन-चार महिने झाकून ठेवायचे, बुरशीने आत काळ्या नागमोडी रेघा ओढल्या की नेमक्या दिवशी ते वाळवायला काढायचे आणि त्या नक्षीचे वाडगे लेथवर कातायचे, हा थायलंडातल्या लाम्पांगजवळच्या एका गावात इन्ताचा पिढीजात धंदा. एकटी बुरशी रेघ ओढत नाही, हे त्याला बापाने शिकवलं होतं. दोन बुरश्या समोरासमोर आल्या की हद्दीवर रेघ पडते. रेघ म्हणजे दोघी एकमेकींना अडवून उभ्या आहेत. काढायला उशीर झाला तर मात्र एक दुसरीला रेटत जाते, आणि लाकूड आतून भुसभुशीत होऊन हातचं जातं.

त्याच्या बायकोला, बुआखामला, याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नव्हता. म्हणून या खेपेला तो तिला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नसे.

पाचव्या महिन्यात तिच्या पोटावर काळी रेघ उमटली.

"सगळ्यांनाच येते रे," दवाखान्यातल्या खमपान मावशी म्हणाल्या. "लाकडं बघून बघून डोळे बिघडलेत तुझे."

पण इतर बायकांची उभी, सरळ असते. हिची आडवी होती, नागमोडी, बेंबीच्या खाली. आणि आठवड्याभराने ती बेंबीच्या वर होती.

"मोठ्या इस्पितळात दाखवू या," इन्ता म्हणाला.

"आणि सांगशील काय? बायकोला बुरशी लागली म्हणून?" चिंच चोखत बुआखाम खिदळली. "बघतोस काय असा? मी काय ओंडका आहे?"

त्यालाही हसू आलं, आणि जायचं राहून गेलं.

आठव्या महिन्यात रेघ छातीपाशी पोचली, आणि एका सकाळी पाहतो तर कुठेच नव्हती. मावशींनी पोटाला नळी लावली. "घोड्यासारखं पळतंय काळीज! इतकं दणकट पोर मी पाहिलं नाही." बुआखाम नुसती हसली. हल्ली ती फारसं बोलत नसे.

मावशी गेल्यावर इन्ताने तिचा हात हातात घेतला. लाकूड आतून भुसभुशीत झालंय का, हे कातारी अंगठ्याने दाबून बघतो. तसाच, नकळत, त्याचा अंगठा तिच्या मनगटावर दाबला गेला.

त्याने अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला.