डोळ्याचं प्रदर्शन

दुसऱ्याच्या दुखण्यावर आपला मोठेपणा मिरवायचा, एवढी एकच विद्या आपल्या नवऱ्याला येते, असं अनुसयाबाईंचं ठाम मत होतं. नवरा म्हणजे समुद्रपूरचे वासुदेवराव किराणावाले. २००८ साली शुगरनं बाईंच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे सुजले. वर्ध्याच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं, पट्टी लावली आणि बजावलं, की पट्टी उद्या सकाळी काढा, डोळ्याला हात लावू नका, दुखलं किंवा कमी दिसलं तर त्याच दिवशी या. वासुदेवरावांनी मान हलवली. एक अक्षर ऐकलं असेल तर शपथ!

बसमधून उतरल्या उतरल्या त्यांनी बाईंना दुकानातल्या स्टुलावर बसवलं. कोणी पावशेर मिरची घ्यायला आलं, की हे महाशय उठत, पट्टी उचलत आणि तिखटानं माखलेल्या त्याच बोटांनी पापणी ताणत. "डोयात सुई मारली, डोयात! हे पाह्य." गिऱ्हाईकं हळहळत, ह्यांची छाती फुगे. बाईंनी हात झटकला, तर चारचौघांत नाटकं करते म्हणून त्यांनाच ऐकून घ्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी डोळा लालबुंद झाला. ठणका असा, की घास उतरेना, आणि समोरचं सगळं धुक्यात. बाई म्हणाल्या, आत्ता निघू. वासुदेवराव म्हणाले, सुई टोचली तर दुखणारच, उद्या बाजार आहे, परवा बघू. अक्कल कुठं गहाण ठेवली होती देव जाणे. बाईंनी पिशवी उचलली आणि बसस्टँड गाठलं. मग लोक काय म्हणतील म्हणून स्वारी मागे धावली.

दवाखान्यात वासुदेवरावांनी आकाशपाताळ एक केलं. औषध खराब, सुई खराब, माझ्या बायकोचा डोळा घालवला! डॉक्टर म्हणाले, त्या दिवशीचे बाकी सगळे पेशंट ठीक आहेत. डोळ्याच्या आत जंतू गेलेत, आताच्या आता आत औषध सोडावं लागेल. मग त्यांनी विचारलं, डोळ्याला कोणी हात लावला होता का?

"कोनीच नाई," वासुदेवराव म्हणाले.

"ह्यायनं लावला," अनुसयाबाई म्हणाल्या. "मिर्चीच्या हातानं. साऱ्या गावाले उघडून दाखोला."

वासुदेवराव खिशातली बसची तिकिटं चाळू लागले. बाईंना त्यांची कीवसुद्धा आली नाही.

त्यानंच झालं असं ठामपणे सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले, पण जंतू अशा हातानंही शिरतात. डोळा वाचेल. नजरेचं मात्र वचन देत नाही.

बाई रडल्या. मग त्यांनी दुसऱ्या डोळ्याच्या इंजेक्शनचं विचारलं. आधी हा बरा होऊ द्या, डॉक्टर म्हणाले, आणि येताना सोबत कोणीतरी हवं.

"सुनेले आनीन," बाई म्हणाल्या. "ह्यायले नाई."