जुना व्हेंट ओळखायचा होता

रविवारी सकाळी संघमित्राचा व्हिडिओ कॉल आला. "आई, पप्पाले दे ना फोन," पहिलंच वाक्य हे! कशी हायेस, जेवली का, काहीच नाही. माह्या डोक्शात तिडीकच गेली. पण पोरगी अमेरिकेत, कवा-कवा तोंड दाखवते, तिच्याशी भांडू तरी कवा? देला फोन.

आमचे हे, दौलतराव, स्टील प्लांटात स्टीम लाइनचे फिटर होते. रिटायर झाले तसं प्लांटाचं सेक्टर सहातलं क्वार्टर सुटलं अन् बाजूच्या मरोदा वस्तीत घर बांधलं. खालचा मजला आमचा, वरचा पोरीचा. "तीन साल, फिर वापस," असं तीच बोलून गेली होती. वरच्या खोल्यांचा रंगही तिनंच फोनवर पसंत केला. म्हणून भाडेकरू ठेवलाच नाही आमी. रोज वर जाऊन मीच झाडते.

तिथं बर्फ पडून राहिला होता. घराच्या तळघरात बॉयलर, अन् खोली-खोलीत लोखंडाचा रेडिएटर. बॉयलरची वाफ आली का तो तापते अन् खोली गरम होते. पण नातीच्या खोलीतला गारच. त्याच्या बाजूले अंगठ्याएवढा एक तुकडा लागला होता, जुना, रंगानं माखलेला. तिनं कॅमेरा त्याच्यासमोर धरला.

"पप्पा, ये क्या है? कोणता मागवू मी?"

"वाफेचं पाणी काढाचा ट्रॅप दिसते," हे म्हणाले. "पाणी निघते का त्यातून?"

"नाही. पहिले हवा सोडायचा, शू-शू करून. आता चूप हाय."

"अरे, मंग एअर व्हेंट हाय तो! मी बी बह्याडच." यायनं चष्मा लावला, फोन नाकाशी नेला. आतली हवा बाहेर निघन तवाच वाफ आत येईन, अन् वाफ पोचली का व्हेंट आपोआप बंद होईन, असं तिले समजावलं. मंग बॉयलर घडीभर बंद करून रंग खरवडाले लावला. खालून पितळ निघालं, पितळावर कंपनीचं नाव अन् नंबर.

"हाच मागव," म्हणाले. "बाकीच्या खोल्यातले दाखव."

असा खुश झाला म्हातारा! रिटायर झाल्यापासून मी यायले असं पाह्यलं नव्हतं. पोरगी फोन घेऊन घरभर फिरली, मी बी यायच्या खांद्यावरून पाहून राहिली.

मंग यायनंच विचारलं, "पण तू कावून करून राहिली हे सगळं? घरमालकाले सांग ना."

पोरगी थांबली. "पप्पा, घर अपना ही है. उन्हाळ्यातच घेतलं. मी सांगणारच होती..."

घर घेतलं! अन् आमाले कवा कळते, तं व्हेंट बिघडल्यावर! वरच्या खोल्या काय कबुतरायसाठी बांधल्या का, असं माह्या तोंडावर आलं होतं. पण यायनं माहा हात दाबला. मले वाटलं, हे तरी दोन शब्द बोलतीन. पण हे म्हणाले, "मंग सगळेच बदल. भाड्याचं असतं तं एकानं भागलं असतं. आपलं घर हाय, जुना एक बी ठेवू नको."

फोन बंद झाला अन् मी भडकली. "कावून सांगितलं जी? 'मले नाही समजत' असं म्हणायचं होतं तुमी. थंडीनं कावली असती तं आली असती वापस!"

यायनं चष्मा काढून ठेवला. मंग म्हणाले, "रुक्मा, लेकरू दोन-दोन स्वेटर घालून झोपलं होतं. तुले नाही दिसलं?"

दिसलं होतं ना. यायच्या आधी मलेच दिसलं होतं. आपल्याच नातीले थंडी वाजत राहो, असं माह्या मनात आलं तरी कसं, बापा?