विब्रनचा भुंगा

घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकलं, तेव्हापासून विब्रन गळ्याला एक यंत्र लावून बोलायचा. दाढीच्या मशीनएवढं, काळं. बटण दाबलं की डब्यात कोंडल्यासारखा आवाज निघे, म्हणून त्याची बायको आल्त्ये त्याला भुंगा म्हणायची. आल्त्येची नजर सहा वर्षांपूर्वी गेली होती. गाडीत बसली की ती विचारायची, "आता काय दिसतंय?" आणि विब्रन एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात भुंगा धरून सांगत सुटायचा. कालव्यावर बर्फ धरलाय, शेजारच्या डेकरांच्या मेंढ्या पुन्हा बांधावर चढल्यात, चर्चच्या पाळकाने दाराला भलताच हिरवा रंग दिलाय.

हमरस्त्यावरच्या पुलावरच्या कॅमेऱ्याने नेमकं तेच टिपलं. गाडी चालवताना हातात फोन, म्हणून दंड आला. विब्रनने पाच पानी हरकत लिहिली. उत्तर आलं: फोन नसला तरी ते संपर्कासाठीचं इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे, सबब दंड कायम.

"संपर्क!" विब्रन भडकला. "बायकोशी बोलायचं, त्याला संपर्क म्हणतात होय!"

"बाबा, भरून टाक आणि मोकळा हो," मुलगी फेम्के म्हणाली.

"भरला म्हणजे कबूल केलं. मग गाडीत माझ्या तोंडाला कायमचं कुलूप. हिला काय दिसणार? मी कोर्टात जाणार."

आल्त्ये मात्र धास्तावली होती. निकाल लागेपर्यंत गाडीत भुंगा हातात धरायचा नाही, असं तिने वचन घेतलं. आयुष्यात कुणाचं न ऐकलेल्या, उत्तर किनाऱ्यावरच्या या हट्टी फ्रिजियन माणसाने तिचं तेवढं ऐकलं. तीन महिने दोघं मुकाट्याने समुद्राकाठी गेली आणि मुकाट्याने परत आली. विब्रन सवयीने काही सांगू जायचा, पण नुसती फुसफूस निघायची. तिने विचारणंही सोडून दिलं, आणि तेच विब्रनला जास्त लागलं.

ल्यूवार्डन शहरातल्या कोर्टात दालनाच्या दाराशी शिपायाने फर्मावलं, "सगळी उपकरणं बंद करून ट्रेमध्ये ठेवा."

विब्रनचे डोळे चमकले. ठीक आहे, नियम तर नियम! त्याने भुंगा बंद केला आणि ऐटीत ट्रेमध्ये ठेवला.

न्यायाधीशबाईंचं सकाळपासूनचं हे अकरावं प्रकरण. त्यांनी कागदातून डोकं वर न काढताच विचारलं, "हातात काय होतं तुमच्या?"

विब्रनचे ओठ हलले.

"जरा मोठ्याने बोला."

त्याने हातवारे करत, लालबुंद होऊन, सगळं पहिल्यापासून सांगितलं. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती फुसफूस झाली.

"अहो, उत्तर देणार आहात की नाही?"

मागच्या बाकावरून आल्त्ये उठली. "मॅडम, तो बोलतोय. तीन महिने गाडीत मला हेच ऐकू येतंय."

बाईंनी मान वर केली. विब्रनच्या गळ्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे. "आधी ते त्यांना परत द्या," त्या शिपायाला म्हणाल्या.

सरकारी वकील चुळबुळला. "पण एक हात स्टिअरिंगवर नव्हता—"

"अडतीस वर्षं एका हाताने गिअर टाकत दुधाचा टँकर चालवलाय!" भुंगा कडाडला. "तेव्हा कुठे गेला होता तुमचा फोटोवाला?"

"बसा खाली," बाई म्हणाल्या. "दोघंही. कायदा फोनसाठी केलाय, माणसाचा आवाज बंद करायला नाही. दंड रद्द."

परतीच्या वाटेवर आल्त्ये त्याच्याकडे वळून बसली. मग हळूच म्हणाली, "आता काय दिसतंय?"

विब्रनने भुंगा गळ्याला लावला. "तो पूल आलाय. कॅमेरा आहे वर."

"नक्की कुठे?"

"सरळ समोर. जराशी मान वर कर."

आल्त्येने टोपी नीट केली, मान वर केली आणि कॅमेऱ्याला चांगली लांबलचक जीभ काढून दाखवली.