लाल चकतीमागचा गोळा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी गोळा आहे, मोठ्या नारळाएवढा. हल्ली धुळ्याला भाईदास आबांच्या घरी, ओसरीवरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. घरी आलेली मुलं माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, "आबा, हा बॉम्ब आहे का?" बॉम्ब! ऐकूनच माझं डोकं तापतं. अरे बाबांनो, मी आग लावणाऱ्यांतला नाही, विझवणाऱ्यांतला आहे. एके काळी मी विमानाच्या इंजिनात बसून आकाशात फिरत होतो. आता पोटात काहीच उरलं नाही, म्हणून गप्प बसून असतो. पण आज सांगतोच.

माझा जन्म परदेशातला. पोलादाच्या दोन वाट्या जोडून मला गोल केलं आणि माझ्या पोटात हॅलॉन नावाचा वायू दाबून भरला. फार गुणी वायू! ना त्याला वास, ना रंग. आगीवर सोडला की क्षणात आग विझवतो, मागे राख नाही की ओल नाही. इंजिनाच्या नाजूक भागांना त्याचा काही त्रास नाही. म्हणून विमानवाल्यांचा तो लाडका. मी जहाजातून आलो, रेल्वेतून आलो आणि १९८२ च्या सुमारास जळगावकडच्या एका लहान धावपट्टीवर पोचलो. तिथे एका फवारणी कंपनीचं दोन इंजिनांचं छोटं विमान होतं. कपाशीवर कीड पडली की ते औषध फवारत शेतांवरून फिरायचं.

मला विमानात बसवलं ते भाईदास आबांनी. ते मूळचे पिंपळनेरचे, विमानाचे मिस्त्री. त्यांनी मला डाव्या इंजिनात घट्ट आवळलं. उजव्या इंजिनात माझ्यासारखाच दुसरा गोळा बसला, माझा जोडीदार. आवळून झाल्यावर आबांनी माझ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "देख भाऊ, तुनं काम कधीच पडाले नको." माझं काम कधीच पडू नये! नोकरीच्या पहिल्याच दिवशी असा आशीर्वाद कुणाला मिळाला असेल? तेव्हा मला थोडा रागच आला होता. आता कळतं, त्याहून चांगला आशीर्वाद मला देताच आला नसता.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माझ्या पोटातून एक बारीक नळी निघून विमानाच्या बाहेरच्या पत्र्यापर्यंत जायची. तिच्या तोंडावर लाल रंगाची, रुपयाएवढी चकती बसवलेली होती. मी फार तापलो, पोटातला दाब फार वाढला, तर मी फुटू नये म्हणून वायू त्या नळीने बाहेर पडणार आणि जाताना चकती उडवून देणार. म्हणजे लाल चकती जागेवर दिसली तर मी भरलेला. चकती गेली, नुसतं भोक दिसलं, तर मी रिकामा. दाबाचा काटाही मला होता, पण तो आत, इंजिनाचा पत्रा उघडल्याशिवाय दिसायचा नाही. म्हणून उडण्याआधी लोक चकतीच बघायचे.

विमान चालवायचा रुपचंद. अमळनेरजवळच्या कपाशीवाल्या घरातला मुलगा. अंगाने किडकिडीत, पण विमान असं चालवायचा की जणू बापाच्या शेतात पेरणीची पाभर धरली आहे, एक ओळ वाकडी जायची नाही. एका पावसाळ्यात एरंडोलच्या बाजूला फवारणी चालू असताना डावं इंजिन पेटलं. पेट्रोलची नळी सुटली होती. मी आतून ज्वाळा पाहिल्या. आमच्याखाली हिरवीगार कपाशी होती, शेतात माणसं होती आणि माझ्यावर भरवसा ठेवून तो एकटा वर होता. रुपचंदने इंजिन बंद केलं आणि मला सोडायची लाल मूठ ओढली. माझं तोंड फुटलं, मी सगळा श्वास एका दमात सोडला आणि आग विझली. एका इंजिनावर रुपचंद धावपट्टीवर परत आला.

मित्रांनो, त्या दिवशी माझं केवढं कौतुक झालं म्हणून सांगू! आठवडाभरातच रुपचंदची आई, बेबाबाई, एस.टी.ने धावपट्टीवर आली. हातात पूजेचं ताट. आबांनी मला नुकतंच पुन्हा भरून बसवलं होतं. तिने विचारलं, "मना पोऱ्याले कोणी वाचाडं?" आबांनी पत्र्यावरच्या लाल चकतीकडे बोट दाखवलं. मी आत दडलेला, मी काय दिसणार? माझी खूण म्हणजे ती चकती. माउलीने चकतीला तेलात कालवलेलं कुंकू लावलं, डोकं टेकवलं आणि पदराने डोळे पुसले.

तेव्हापासून प्रथाच पडली. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी विमान उडायचं नाही. बेबाबाई यायची, झेंडूची माळ बांधायची, दोन्ही इंजिनांच्या चकत्यांना कुंकू लावायची. डाव्या चकतीचा मान मोठा. कपाशीची वेचणी नुकतीच सुरू झालेली असायची, म्हणून घरच्या शेतातलं पहिलं बोंड ती त्या कुंकवात भिजवून चकतीवर चिकटवायची. आणि रुपचंद दर खेपेला उडण्याआधी त्या कुंकवाला बोट लावून कपाळाला टेकवायचा. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू? देवाच्या रांगेत बसवलं तर कोण फुगणार नाही!

मग काळ फिरला. नव्वद साल उलटलं आणि माझ्या हॅलॉनबद्दल वाईट बोलणं कानावर येऊ लागलं. वर, फार वर, पृथ्वीभोवती एक थर आहे. सूर्याच्या तापदायक किरणांपासून तो आपल्याला राखतो. हॅलॉन हवेत सुटला की हळूहळू तिथपर्यंत चढतो आणि तो थर खातो, असं शास्त्रज्ञांनी शोधलं होतं. म्हणजे मी खाली एकाला वाचवायचो आणि वर सगळ्यांचं छप्पर कुरतडायचो. मला हे खरं वाटेना. वाटेना म्हणून काय, खरं ते खरंच. जगभर हॅलॉन बनवणं बंद व्हायला लागलं. उरलेला फुकट सोडू नका, जपून परत करा, असे हुकूम आले. माझ्याऐवजी काय वापरायचं याचे प्रयोग सुरू झाले. सोपं नव्हतं ते. एक वायू आग विझवायचा, पण जड पडायचा. दुसरा हलका, पण इंजिनाचे भाग खराब करायचा.

शेवटी आमच्या विमानासाठी कंपनीने नवे गोळे पाठवले. पोटात दुसरा वायू, वरच्या थराला न खाणारा. पण आग विझवायला तो जास्त लागतो, म्हणून गोळेही माझ्याहून थोराड. त्यांना धरून ठेवायला इंजिनातला पट्टा नव्याने करावा लागणार होता. पावसाळा लागायच्या आत पेटी आली आणि कोठीत पडून राहिली. रुपचंद विचारायचा, "आबा, नवे कधी बसवायचे?"

आबा म्हणायचे, "बसाडू, बसाडू. घाई काय शे? यानी तुना जीव वाचाडा, याले असा कसा काढी टाकू?"

आबांचं माझ्यावर प्रेम होतं. मलाही जागा सोडायची नव्हती. दोघांनाही ते बरं वाटत होतं.

त्याच वर्षी, १९९५ साली, नवरात्रात काय झालं ते आता सांगतो. डाव्या इंजिनाच्या धुराच्या नळीला बारीक चीर पडली होती. कुणाला ती दिसली नव्हती. फवारणी चालू असताना गरम धूर सरळ माझ्या अंगावर यायला लागला. त्यात आपल्या खानदेशातलं ऑक्टोबरचं ऊन! मी तापलो, पोट फुगलं आणि सहन होईना. परतताना फस्स करून सगळा हॅलॉन नळीतून निघून गेला. इंजिनांच्या आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही. चकती उडाली, तिच्यावरची वर्षानुवर्षांची कुंकवाची पापडीही उडाली. मी रिकामा झालो. माझा शेवटचा श्वास असा वाया गेला, मित्रांनो. ना त्याने आग विझवली, ना तो जपून परत गेला. गेला वर, थर खायला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. बेबाबाई सकाळीच आली. तिच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू झाला होता. सवयीच्या जागी तिने तेल-कुंकवात भिजवलेलं पहिलं बोंड दाबून बसवलं. ते भोकात गच्च जाऊन बसलं. वरून तिने आणखी कुंकू फासलं. बाहेरून बघा तर तशीच लाल, गोल, ठसठशीत चकती! मी आतून ओरडत होतो, माउली, थांब, मी रिकामा आहे! पण पोलादाचा आवाज कुणाला ऐकू येणार?

दसऱ्याला सकाळी उड्डाण होतं. आबांनी विमानाभोवती फेरी मारली. डावीकडे लाल दिसलं, उजवीकडे लाल दिसलं. "बठ्ठं बराबर शे," म्हणजे सगळं ठीक आहे, असं ते म्हणाले. बेबाबाई रात्री मुक्कामाला राहिली होती, मुलाच्या हातावर आपट्याची पानं ठेवून बाजूला उभी होती. रुपचंद विमानाजवळ आला. माझा जीव टांगणीला लागला. चिरलेली नळी तशीच होती, तिच्याशेजारी पेट्रोलची नळी होती, आणि तो माझ्यावर विसंबून वर जाणार होता.

शिडीवर पाय ठेवण्याआधी त्याने नेहमीसारखं बोट पुढे केलं. बोट आत गेलं.

तो थबकला. पुन्हा दाबलं. कडक चकती लागायची तिथे मऊ कापूस लागला. त्याने नखाने बोंड ओढून बाहेर काढलं आणि भोकाकडे बघत राहिला.

"आबा," तो हळू आवाजात म्हणाला, "आठे चकती नही शे."

आबा धावत आले. पत्रा उघडला. माझा काटा शून्यावर. धुराची नळी चिरलेली आणि पेट्रोलच्या नळीचं रबर कोळशासारखं काळं पडलेलं. आबा तिथेच जमिनीवर बसले. आणखी एक उड्डाण झालं असतं, तर काय झालं असतं ते सांगायची गरज कुणालाच नव्हती.

बेबाबाई पुढे आली. लाल बोंड तिने मुलाच्या हातात पाहिलं. "मना हातनं व्हयनं का रे, भाऊ?" तिने त्याला विचारलं.

"नही माय," रुपचंद म्हणाला. "तुनं कुकू लावाले बोट गयं, म्हनीसन तर समजनं."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ती उजव्या इंजिनाकडे गेली, पदर हातात घेतला आणि माझ्या जोडीदाराची चकती पुसू लागली. बारा वर्षांचं कुंकू सुटता सुटेना. ती पुसत राहिली. पदर लालभडक झाला, तेव्हा कुठे चकती उघडी पडली. मग चार पावलं मागे सरून तिने हात जोडले आणि म्हणाली, "आते दूरतीनच हात जोडसू. तुम्ही मात्र जवळ जाईसन देखत जा."

त्या दिवशी विमान उडालं नाही. आबांनी कोठीतली पेटी फोडली. माझा जोडीदार अजून भरलेला होता. त्याचा हॅलॉन एक थेंबही न सांडता परत पाठवायला बांधून ठेवला. धुराची नळी, पेट्रोलची नळी बदलली, नवे पट्टे केले, नवे गोळे बसवले. मला काढून आबांनी फडक्याने पुसलं. "चुकनं भाऊ, मनंच चुकनं," ते मला म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. नवा गोळा बघून थोडं पोटात दुखलं, इतकंच. पण रुपचंद त्याच्या भरवशावर आकाशात गेला आणि सुखरूप परत आला, तेव्हा मी मनातल्या मनात त्याला आबांचाच आशीर्वाद दिला. भाऊ, तुझं काम कधीच पडू नये.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या भिंतीवरही आग विझवायचा एखादं लाल नळकांडं टांगलेलं असेल. दसऱ्याला त्याला हार घाला, माझी ना नाही. पण हार बाजूला सारून त्याचा काटा बघा. आणि काम झाल्यावर ज्याची जागा दुसऱ्याला द्यायची, ती वेळेवर द्या, मग तो कितीही लाडका असो. माझा श्वास अजून वर कुठेतरी भटकतो आहे. त्याला आता परत बोलावता येत नाही. दुपारी ओसरीवर ऊन आलं की मला त्याची आठवण येते.