अंजनाबाईची पाखरं

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. आरमोरीच्या बाजारात खुशालचा फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओचा कायदा एकच, तोंड दिसलं पाहिजे. नवरी असो की नोकरीचा उमेदवार, गालावर जराशी सावली पडली की गिऱ्हाईक फोटो परत करायला टपलेलंच. त्यामुळे खुशाल सावलीचा जन्माचा वैरी झाला होता.

त्या हिवाळ्यात त्याची माय अंजनाबाई गावाहून त्याच्याकडे आली, ती खाटेवरच. कमरेचं हाड मोडलेलं. आता चालणं नाही, असं डॉक्टरनं सांगूनच टाकलं होतं. घराचं, कोंबड्यांचं, शेजारणींचं तिनं नावही काढलं नाही. एक दिवस मात्र भिंतीकडे पाहत म्हणाली, "तलावात लाल पायाची पाखरं आली असतीन रे आता. एकडाव पाहाची होती मले."

मायनं जन्मात काही मागितलं नव्हतं. 

"मी आणून देतो तुले," तो म्हणाला.

"पकडून आणता का?" रुखमा, त्याची बायको, हसली.

"फोटोत!" तो फुगून म्हणाला.

रविवारी एका दोस्ताची लांब लेन्स मागून घेऊन त्यानं गावाकडे सायकल दामटली. तलावाच्या पाळीखाली, बेशरमाच्या झुडपात दडून बसला. शेकाटे, मायची ती लाल पायाची पाखरं, उथळ पाण्यात लांब लांब ढांगा टाकत चिखल टोचत होती. खुशालनं सूर्य पाठीशी घेतला. दुपारचं ऊन थेट पाखरांच्या तोंडावर पडलं. डोळा, चोच, पीस न् पीस लख्ख. असं गुणी गिऱ्हाईक त्याला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं.

काम झालं तरी त्याला उठवेना. बालपणाचा तलाव होता तो. ऊन पिवळं झालं, मग तांबूस. परतीची वाट पलीकडच्या बांधीवरून होती, जिथं माय दुसऱ्याचं धान कापायची. तिथून त्यानं वळून पाहिलं तर मावळतीच्या पाण्यात पाखरांच्या नुसत्या काळ्या आकृत्या उरल्या होत्या. रोल थोडा शिल्लक होता. वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यानं त्यांचेही फोटो काढले.

फोटो धुतल्यावर काळे बाजूला टाकले. चांगल्यातला एक मोठा केला. रोल काळापांढरा, म्हणून रुखमानं काडीला कापूस गुंडाळून पाय लाल रंगवले, फोटोतल्या नवरीचं लुगडं रंगवायची तसेच.

अंजनाबाईनं फोटो हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला.

"चांगला हाये," ती म्हणाली आणि खाली ठेवला.

खुशालचं तोंड उतरलं. "काऊन माय? तेच पाखरं हायेत."

"असतीन. पण हे दुपारचे हायेत बापा. दुपारी माही मान धानात राहे. मी कुठी पाहत होती?"

 एवढ्या वर्षांत ही साधी गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही, याची खुशालला लाज वाटली आणि मायबद्दल माया दाटून आली. तो डार्करूममध्ये गेला, टाकलेल्यातला एक काळा फोटो उचलून आणला आणि भीत भीत तिच्यासमोर धरला. डोळा नाही, चोच धड नाही, पायांचा रंगसुद्धा नाही.

अंजनाबाई कितीतरी वेळ पाहत राहिली. तिच्या ओठांवर हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"हेच ते," ती म्हणाली.

तिनं फोटो उशीला टेकवून उभा केला. विळा खाली ठेवल्यावर बाया ठेवतात तसे दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि खाटेवर पडल्या पडल्याच पाठ सरळ केली.

"चला वं बायांनो," ती हळूच म्हणाली, "झालं आजचं."